हात हलवत आलेली आत्या

४ सप्टेंबर

ही डायरी मी कुणाला तरी द्यायला घेतली होती. कुणाला, ते ठरलं नव्हतं. कापडी पुठ्ठा, आत रेशमी फीत, पानांना सोनेरी कड. दुकानात हातात घेतली आणि वाटलं, ही कुणाला तरी छान शोभेल. माझं नेहमी असंच होतं. आधी वस्तू पसंत पडते, मग तिच्यासाठी माणूस शोधायचा. या वेळी माणूस मीच निघाले, कारण आज भिंगरीने माझ्या देण्यावर बंदी घातली आहे.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आता सातवा महिना लागलाय, तरी जिने तसेच चढते. नवरा जहाजावर असतो, म्हणून सध्या ती दादा-वहिनीकडेच आहे आणि बाळ झाल्यावरही तिथेच राहणार. आज मी तिच्यासाठी पायाखाली घ्यायची गादी घेऊन गेले होते, कडेला झालर असलेली. तिने ती उघडलीसुद्धा नाही. माझा हात धरून म्हणाली, "आत्या, एक मागू? देशील?"

"माग की. मागशील ते."

"बाळाला बघायला येशील ना, तेव्हा रिकाम्या हाताने ये. आणि आजपासून तोपर्यंतही काही आणायचं नाही. मला नाही, बाळाला नाही, आईबाबांनाही नाही. जमणार नसेल तर..."

"तर काय?"

"तर येऊ नकोस."

मला हसूच आलं. डोहाळे तरी किती तऱ्हेचे! कुणाला चिंच खावीशी वाटते, कुणाला माती. हिला आत्या रिकाम्या हाताची हवी. मी वहिनीकडे बघितलं, तर ती पाठमोरी होऊन भांडी धूत होती. भांडी धुतलेलीच होती, मी पाहिलं.

मी काही खरेदीचं वेड असलेली बाई नाही. अशा बायका मला माहीत आहेत, कपाट उघडलं की अंगावर कपडे कोसळतात. मी वर्षानुवर्षं त्याच चार साड्या नेसते. स्वतःसाठी रुमालसुद्धा घेत नाही. जे घेते ते दुसऱ्यासाठी. त्यात कुणाचं काय जातं?

निघताना हॉलवर एक नजर टाकली. मी दिलेला उंच दिवा कोपऱ्यात दिमाखात उभा होता. तिथे जवळ प्लग नाही, पण दिवा पेटवायलाच हवा असं थोडंच आहे. पडदे मीच दिलेले. त्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, कापड भारी असलं की घड्या लवकर जात नाहीत. पितळी फुलदाणीही होती. ती मी धाकट्या बहिणीला दिली होती असं मला वाटत होतं, पण दोघींना दिली असणार. माझं एवढं सगळं मांडून ठेवणारी माणसं मला आणू नको म्हणतात, म्हणजे कमाल आहे.

बाळाचा पाळणा मात्र सुट्टा सुट्टा करून बोळात भिंतीला टेकवून ठेवलाय. अजून जोडला नाही. आळशी कुठले.

आणि भिंगरीच्या टेबलावर ते प्लॅस्टरचं भूत अजून आहे. ती सहा वर्षांची असताना गंमत म्हणून मी तिच्या दातांचा साचा काढला होता, पुढचे दोन दात पडलेले. आता काठ झिजलेत, रंग पिवळा पडलाय. "टाक गं ते, काचेचं काहीतरी सुंदर आणते," म्हटलं तर म्हणाली, "त्याला हात लावू नकोस." बरं बाई.

८ सप्टेंबर

दवाखान्यात धावपळ. आमची लॅब दवाखान्याच्या मागच्या खोलीत. तिथे मी आणि मेणबुवा दोघंच. मेणबुवा मेणाचे नमुने करतात, म्हणून हे नाव. कवळी मी बनवते आणि पेशंटच्या तोंडात बसवून घासून-पुसून ठीक करायचं कामही माझंच. पुढे बसणाऱ्या डॉक्टरीणबाई दात काढतात, आम्ही दात देतो.

आज गाणंमास्तर आले होते. पूर्वी मुलांना गाणं शिकवायचे, आता निवृत्त. त्यांची कवळी मी उन्हाळ्यात केली. दर वेळी विचारते, "कशी आहे?" दर वेळी म्हणतात, "उत्तम! बाई, तुमच्या हातात जादू आहे." आजही तेच. मी खुलले. ते गेल्यावर मेणबुवा म्हणाले, "गाल बसलेत त्यांचे."

"वयाने बसलेत."

"असतील."

डॉक्टरीणबाई नेहमी म्हणतात, कुरकुर करणारा पेशंट चांगला. इथे टोचतं, तिथे खडा अडकतो, असं जो सांगत राहतो तो कवळी वापरतोय हे नक्की. जो 'उत्तम' म्हणून गप्प बसतो, त्याची कवळी डबीत असते. नियम खरा आहे, पण प्रत्येक नियमाला अपवाद असतो. मास्तर सभ्य गृहस्थ आहेत, एवढंच.

११ सप्टेंबर

घरी येताना भेटवस्तूंचं दुकान लागतं. आज मी समोरच्या फुटपाथवरून आले. तरी दुकानदाराने ओळखलं आणि हात वर करून ओरडला, "ताई, नवा माल!" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

नेमकं काय होतं ते आज लिहून ठेवते, कारण कुणाला सांगायची सोय नाही. दुकानाचं दार उघडलं की छातीत हलकं वाटतं. एखादी वस्तू हातात घेतली की डोळ्यांसमोर एक दार येतं, दार उघडतं, आणि उघडणारा म्हणतो, "अय्या, हे काय आणलंस!" तो चेहरा मला दुकानातच दिसतो. मुलगी वस्तू कागदात गुंडाळते, फीत बांधते, कात्रीने फितीला पीळ देते. तोवर मी सुखात असते. पिशवी मनगटाला लागली की रस्ताभर मान ताठ. मग खरोखर दार उघडतं, खरोखर "अय्या" होतं, चहा होतो. आणि जिना उतरेपर्यंत सगळं ओसरलेलं असतं. मग पुढचं कधी, हाच विचार.

फळं आणली तर चालतील का? फळ म्हणजे काही वस्तू नव्हे. खाल्लं की संपलं. भिंगरीला फोन करून विचारलं. "आत्याऽ" एवढंच म्हणाली.

१६ सप्टेंबर

पाय घसरला. फिरतं झुंबर घेतलं, बाळाच्या पाळण्यावर टांगायचं. लोकरीचे पक्षी, मध्ये एक ढग. घरी आणायचा धीर झाला नाही, म्हणून लॅबच्या कपाटात प्लॅस्टरच्या पोत्यामागे ठेवलं. मेणबुवांनी दुपारी प्लॅस्टर काढताना एक पक्षी ओढून वर धरला.

"हे कोणत्या जबड्याचं?"

"ठेवा ते. माझं आहे."

"तुमच्यासाठी?"

मी प्लॅस्टरचं पोतं पुढे सरकवलं. त्यांनी पक्षी परत ठेवला, पंख नीट मिटून.

२० सप्टेंबर

सुट्टी. घरातलं माझं देण्याचं कपाट आवरायला काढलं. तळाच्या खणात एक किल्ली सापडली. सापडली कसली, ती तिथे आहे हे मला माहीतच होतं. दादाच्या घराची, म्हणजे आमच्याच घराची. मी त्याच घरात वाढले. नोकरी लागल्यावर वेगळी राहिले तरी आई होती तोवर ही किल्ली पर्समध्ये असायची. दार उघडायचं, चपला फेकायच्या, "आई, भूक!" म्हणायचं.

आई गेल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा दारात उभी राहिले आणि किल्ली काढायला हातच झाला नाही. घर आता दादा-वहिनीचं. किल्ली लावणं बरं दिसेना. बेल वाजवली. वहिनीने दार उघडलं, आणि माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. आपल्याच घराची बेल वाजवून काय बोलायचं असतं ते मला सुचेना. पुढच्या वेळी मी कपांचा सेट घेऊन गेले. मग बोलायला विषय झाला.

हे सगळं आज का आठवलं कुणास ठाऊक. किल्ली पुन्हा खणात ठेवली.

२३ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू की नको. लिहिते.

रिकाम्या हाताने जायची तालीम करायचं ठरवलं. एरवी जाण्याआधी मी नेहमी फोन करते, कारण हातात एवढं ओझं असतं की दादाला खाली यायला लागतं. आज ओझंच नव्हतं, म्हणून फोन केला नाही. लॅबमधून परस्पर गेले. बेल वाजवली.

वहिनीने दार उघडलं आणि तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. मी आत पाहिलं. कोपऱ्यातला दिवा नाही. खिडक्यांना जुने निळे पडदे. भिंतीवरचं घड्याळ गेलेलं, सोफ्यावरच्या उशा गेलेल्या, पितळी फुलदाणी गेलेली.

"वहिनी, चोरी झालीय!"

वहिनी दाराला धरून उभीच राहिली.

"अगं उभी काय राहिलीस? पोलिसांना फोन केला का? दादा! दादा, चोर सगळं माझंच घेऊन गेले!"

दादा बनियनवर बाहेर आला, चष्मा कपाळावर. "कसली चोरी?" म्हणाला. मी गेलेल्या वस्तू सांगायला लागले, तसा तो वहिनीकडे बघायला लागला, आणि वहिनी जमिनीकडे. आतून भिंगरीचा आवाज आला, "बाबा, आता पुरे. तिला खोली दाखवा."

आईची खोली. मी किती वर्षांत त्या खोलीत गेले नव्हते. मला वाटायचं, आईची आठवण म्हणून ते ती बंद ठेवतात. दादाने दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं, मागे काहीतरी अडत होतं. दिवा होता. पडदे घडी करून ठेवलेले. घड्याळ, उशा, कपांचा सेट, तबकं, शाली, काचेचं बदक, भिंतीपासून भिंतीपर्यंत मी. बरंचसं कागदातून बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. धाकटीला दिलेलंही इथेच होतं, तिच्या घरी जागा नाही म्हणून. मी तिच्याकडे जाणार असले की ती येऊन चार वस्तू घेऊन जाते आणि मी गेल्यावर परत आणून ठेवते. फुलदाणी एकच होती, तीच दोन्ही घरं फिरायची.

"तू फोन केलास की आमची पळापळ," दादा म्हणाला. "मी शिडीवर, ही पडदे लावतेय, कुठे काय ठेवलं होतं ते आठवतोय. एकदा घड्याळ उलटं लागलं होतं. तू म्हणालीस, नवी फॅशन आहे का." आणि तो हसला. त्याला ते घाबरून आलेलं हसू होतं, हे आत्ता कळतंय. तेव्हा कळलं नाही.

वहिनी म्हणाली, "तू इतक्या हौसेने आणतेस. तुझा चेहरा बघून नको कसं म्हणायचं? आज सांगू, उद्या सांगू, करता करता..."

भिंगरी दाराला टेकून उभी होती, पोटावर हात. "आत्या, पाळणा या खोलीत ठेवायचाय. दुसरी जागा नाही. तूच सांग कुठे ठेवू."

चपला घातल्या, उलट्या पायांत, आणि निघून आले.

२४ सप्टेंबर

दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. माझी माणसं. इतकी वर्षं नाटक.

२७ सप्टेंबर

आज ठरवलं, आता मरो ते देणं. स्वतःसाठी घेईन, हवं ते घेईन, बघू कोण अडवतो. ऐटीत दुकानात शिरले. दुकानदार म्हणाला, "या ताई! कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तो थोडा गोंधळला. "काय दाखवू?"

आणि मला काही सुचेना. दिवा बघितला, माझ्याकडे आहे. शाल बघितली, थंडी वाजत नाही. मेणबत्त्या हुंगल्या, शिंका आल्या. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि डोळ्यांसमोर दार यायची वाट बघायची. दार येईच ना, कारण वस्तू घेऊन मी माझ्याच घरी जाणार होते आणि तिथे दार उघडायला कुणी नाही. बांधणारी मुलगी कात्री हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली होती. शेवटी मी म्हटलं, "आज काही नको," आणि बाहेर पडले.

बाहेर आल्यावर वाईट वाटायला हवं होतं. पण बरं वाटलं. का ते कळत नाही. बूट चावत असावा आणि काढल्यावरच ते लक्षात यावं, तसं काहीतरी.

दादाचे फोन येतायत. उचलत नाही.

१ ऑक्टोबर

मास्तरांची आज वेळ होती. मला उशीर झाला म्हणून घाईघाईने जिना चढत होते, तर पहिल्या वळणावर मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली, आणि तोंडात बसवली. मग वळले आणि समोर मी.

"नमस्कार बाई. उत्तम आहे हं," म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं. "मास्तर, कुठे दुखतं ते बोटाने दाखवा."

"नाही हो, तसं काही..."

"बोटाने दाखवा."

त्यांनी दाखवलं. डावीकडे मागे हिरडीवर सरळ लाल ओरखडा, कवळीच्या काठाचा. मी कवळी घासली, बसवली, चावायला लावलं, परत घासली. फार काही नव्हतं, थोडा काठ जास्त होता. चहा गार व्हायच्या आत काम झालं. माझ्या डब्यातलं बिस्कीट दिलं. ते त्यांनी सावकाश चावून खाल्लं, मग दुसरं मागितलं. मास्तरांनी आजवर माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही किती मनापासून केली होती. मी उत्तम म्हटलं की तुमचा चेहरा असा फुलायचा! म्हटलं, बाईंचा विरस कशाला करा."

"म्हणून एवढे महिने उपाशी राहिलात?"

"उपाशी कशाला? पातळ खायचो."

मेणबुवा पलीकडे मेण वितळवत होते. त्यांनी वर बघितलं नाही, म्हणून मी त्यांची आभारी आहे. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

घरी चालत आले. वाटेत दुकान लागलं असणार, आठवत नाही. घरात शिरल्या शिरल्या वहिनीला फोन केला.

"हॅलो," ती एकदम हळू म्हणाली.

"सुट्टीच्या दिवशी येते. शिडी काढून ठेव."

"कशाला गं?"

"खोली रिकामी करायला. आणि वहिनी, फोन केलाय म्हणून पडदे लावू नका."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं, ती रडतेय.

४ ऑक्टोबर

अंग मोडून आलंय, पण झोपायच्या आधी लिहिते.

पद्धत मी लॅबमधली लावली. प्रत्येक वस्तू उचलायची आणि तोंडावर विचारायचं, "हवं?" खरं सांगायचं, चेहरा बघायचा नाही. माझा चेहरा दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"शाल?"

"नको," वहिनी पुटपुटली.

"काचेचं बदक?"

"नको... म्हणजे छान आहे, पण..."

"पण नाही. हवं की नको?"

"नको."

पहिले काही 'नको' ऐकताना मी हातातली वस्तू खाली ठेवायलाच विसरत होते, खोटं कशाला लिहू. पण हळूहळू वहिनीचा आवाज चढायला लागला. तबक? नको. दुसरं तबक? मुळीच नको. मातीचा हत्ती? "नको गं बाई, पहिल्या दिवसापासून नको होता! त्याचे डोळे बघितलेस का?" मी हत्ती वळवून त्याचे डोळे बघितले. खरंच, उसनवारी मागायला आल्यासारखा बघत होता. मी हसले, वहिनी हसली, आणि मग आम्हाला आवरेना. दादा शिडीवरून म्हणाला, "तुम्ही दोघी हसा, खाली मी पडेन."

धाकटी फोनवर होती, तिच्या वस्तूंसाठी 'नको'ची रांग तिने स्पीकरवरून लावली. तिने म्हणे फुलदाणीला नाव ठेवलंय, 'पाहुणी'.

सगळंच नको होतं असं नाही. भाजी चिरायची एक सुरी निघाली नाही. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, "ती स्वयंपाकघरात आहे. रोज वापरते."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

तिने सुरी आणून दाखवली. पातं झिजून अर्ध्यावर आलंय, मुठीला तिच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. आठवलं, ती सुरी मी शोधून घेतलीच नव्हती. "माझी सुरी बोथट झालीय, येताना एक आणशील का?" असं तीच एकदा म्हणाली होती.

निराधार बायकांच्या वसतिगृहाला आधी फोन करून काय लागतं ते विचारलं. शाली, कप, पडदे, दिवा हवा म्हणाल्या. हत्ती नको म्हणाल्या. कुणालाच हत्ती नको.

संध्याकाळी खोलीची खिडकी उघडली. आतल्या कडीला गंज चढला होता, दादाने ठोकून सोडवली. वारा आला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्या खोलीत जमिनीवर बसले. पाळण्याचे भाग भिंगरीने एकेक करून दिले आणि मी जोडले. स्क्रू फिरवायची मला सवय आहेच.

१२ ऑक्टोबर

लॅबमधलं झुंबर भिंगरीला नेऊन दाखवलं. "बंदी आहे ते माहीत आहे. बंदी मोडूनच घेतलंय. हवंय का? खरं सांग."

तिने पक्षी फिरवून बघितले. मला वाटलं, हो म्हणेल.

"नको आत्या."

"बरं."

एवढंच. जग बुडालं नाही. आज दुकानात जाऊन परत दिलं. दुकानदार एवढा बावरला की बदल्यात दुसरं काय देऊ हे तीनतीनदा विचारत राहिला. वाईटही वाटलं त्याचं, बिचाऱ्याचं. माझं देण्याचं कपाटही रिकामं होत आलंय. मेणबुवांना विचारलं, "काही हवंय का?" म्हणाले, "एक चांगला दिवा लागेल टेबलावर, डोळे कमी झालेत." माझ्याकडे टेबलावरचा दिवा होता. त्यांनी तो आजच लावला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काल हात असे शिवशिवले की दुकानाच्या दाराच्या मुठीला हात लावून परत आले. मूठ गार होती.

१३ नोव्हेंबर

मुलगी झाली! परवाच झाली, दोघी सुखरूप. दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. आज दुपारी वहिनीचा फोन आला.

"आलो गं घरी. ये. आणि ऐक, बेल वाजवू नकोस, दोघी आत्ताच झोपल्यात. किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"किल्ली माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे?"

"म्हणजे काय! हे दोनदा कुलूप बदलायला निघाले होते. मी म्हटलं, नको, मग तिची किल्ली कशी लागेल? आम्हाला वाटायचं, तुला बेल वाजवायला आवडते."

खणातून किल्ली काढली. निघताना आरशासमोर उभी राहिले आणि हात बघितले. या हातांचं करायचं काय? पदराखाली घेतले तर पाकीटमारासारखी दिसते. मागे बांधले तर शाळा तपासायला निघाल्यासारखी. शेवटी सोडून दिले, लोंबकळू देत. हात हलवत जाणं म्हणजे काय ते आज कळलं. दुकानावरून गेले. दुकानदाराने हात वर केला, मीही केला.

किल्ली लागली. जरा घट्ट फिरली, पण लागली. मी चपला काढल्या, आणि तोंडातून आपोआप निघालं, अगदी हळू, "वहिनी, भूक."

वहिनी स्वयंपाकघरातून "शूऽऽ" करत आली, माझ्या हातांकडे बघितलं, आणि मला मिठी मारली. मग जेवायला वाढलं. लॅबमधून घरी येऊन न जेवता तशीच निघाले होते, खरंच पोटात कावळे ओरडत होते. दोनदा मागून घेतलं. मी जेवत असताना दादा समोर बसून उगाचच बघत होता.

मग आईच्या खोलीत गेले. बाळ पाळण्यात झोपलं होतं, मुठी आवळून. उचललं नाही. कुणी उचल म्हणालंही नाही. खिडकीत ते प्लॅस्टरचं भूत ठेवलेलं, दोन दात पडलेलं. या पोरीच्या तोंडात अजून एक दात नाही. मी पाळण्याजवळ नुसती बसले. किती वेळ, लक्ष नव्हतं.

भिंगरीने डोळे उघडले. "काय आणलंस?"

"काही नाही."

"दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने तळवे उलटेसुलटे करून तपासले, जकात नाक्यावर तपासतात तसे. "पास," म्हणाली, आणि माझा एक हात गालाखाली घेऊन परत झोपली. हाताला मुंग्या आल्या तरी मी काढला नाही.

निघताना वहिनीने उरलेल्या जेवणाचा डबा भरून दिला. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "खरं सांग, हवाय की नको?"

"हवाय."

"मग घे. आणि डबा परत आण. माझा रोजचा आहे, त्याच्याशिवाय अडतं." मी जिन्यात पोहोचले तेव्हा ती दारातून वाकून दबक्या आवाजात म्हणाली, "आणि रिकामा आण हं! आत काही घातलंस तर बघ!"

१४ नोव्हेंबर

डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. झाकणही पुसलं. संध्याकाळी लॅबमधून परस्पर देऊन येते. किल्ली पर्समध्ये ठेवली आहे.